गाडी गयी, भाऊ

मुकादम आप्पांना सप्रेम नमस्कार.

एवढं लांबलचक तुम्ही मोबाइलवर वाचणार नाही, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या.

पट्टी सुटून तीन आठवडे झाले. दोन्ही डोळ्यांनी दिसतंय.

मे महिन्यातल्या त्या रात्री न्यायडोंगरीच्या पुढे गाड्या थांबवून कामासाठी ब्लॉक मिळाला आणि आपलं बोलणं सुरू झालं तेच भांडणाने. "खडी नाही, मी काय हवेत पॅकिंग करू?" असं मी सगळ्या गँगसमोर तुमच्यावर ओरडलो. मुद्दा खोटा नव्हता. टॅम्पिंग मशीनची ३२ टूल सेकंदाला ३५ वेळा थरथरत दोन स्लीपरखाली खडी दाबतात, पण खडीच नसेल तर दाबणार काय? तरी वडिलांच्या वयाच्या माणसाशी असं बोलायचं नसतं. तुम्ही गुमान घमेली भरायला लावलीत.

मग होस पाइप फुटला. गळती बघायला मी वाकलेलो आणि गॉगल कपाळावर (चूक माझीच, घामाने काच धुरकटते म्हणून वर सरकवला होता). तापलेलं हायड्रॉलिक तेल थेट डोळ्यांत. त्यानंतर फक्त तुमचा आवाज आठवतो, "कॅन आना रे!" गँगचं रात्रभराचं प्यायचं पाणी तुम्ही माझ्या डोळ्यांवर ओतलंत. उरलेला कॅन एका पोराच्या हाती देऊन त्याला माझ्यासोबत पाठवलंत आणि स्वतः लाइनवर थांबलात. त्या पाण्याने डोळे वाचले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण त्या आधीच्या दवाखान्यात "रेल्वेची केस आहे, आधी कागद आणा" म्हणून मला बाकावर बसवून ठेवलं होतं. तिथेच आमच्या एका साहेबांचा फोन आला. पहिला प्रश्न, ब्लॉक किती मिनिटं बर्स्ट झाला, म्हणजे ठरल्या वेळेच्या पुढे किती गेला? दुसरा प्रश्न नव्हताच.

खरं सांगू का आप्पा, पट्टीखाली मलाही तीच धास्ती होती. मिनिटांची नव्हे, लाइनची. उचललेला रूळ मी अर्धवट टाकून आलो होतो. त्यावरून पहिली गाडी कशी जाईल, या विचाराने झोप लागेना. हे कुणाला सांगायचं? बायकोला सांगितलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं.

सकाळी खाटेजवळ कुणीतरी आलं. खडीच्या धुळीचा वास आला, त्यावरूनच ओळखलं. तब्येत विचारायच्या आधी तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "गाडी गयी, भाऊ. पोटमा पानी बी हालनं नई."

रात्रभराची ड्यूटी संपवून, पहिली मालगाडी त्या तुकड्यावरून हळूहळू जाताना उभं राहून बघून, मग तुम्ही आला होतात. मी काही विचारलं नव्हतं. ओरडणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे तुम्हाला कसं कळलं? हुद्दा मोठा असला की हे कळतं असं नाही, हे त्या फोनवरून दिसलंच. रात्री-अपरात्री रुळावर चालणाऱ्या तुमच्यासारख्यांमुळे गाडीतले लोक झोपतात आणि तुम्हाला साधं ओळखतही नाहीत. मीही तुम्हाला फक्त "ओ मुकादम" म्हणायचो.

परवा पुन्हा त्याच सेक्शनला ब्लॉक होता. काम झाल्यावर मी आमच्या राहायच्या डब्याकडे, कॅम्प कोचकडे गेलो नाही, पहिली गाडी जाईपर्यंत उभा राहिलो. पलीकडे हातबत्ती दिसली. तुम्हीच असाल म्हणून हात केला, तर दुसरंच कुणी होतं. तुम्ही रजेवर आहात म्हणे.

तुमचा कॅन माझ्या केबिनमध्येच आहे. रोज भरून ठेवतो. न्यायला या.

तुमचा,
मशीनवाला