मिथ्या म्हणजे खोटं नाही हो

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत अध्यात्माच्या पानावर जो लेख आला तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा रात्री, कारण सकाळी वाचून इतका राग आला होता की धड काही कळलंच नव्हतं. लेखात लिहिलंय की वेदांताने कधीचंच सांगून ठेवलंय, जग मिथ्या आहे, म्हणजे खोटं आहे, म्हणून सुखदुःखही खोटं आणि नुकसानही खोटं, मग रडायचं कशाला. संपादक साहेब, मी अमळनेर तालुक्यातला कापूस पिकवणारा माणूस आहे, पण बी.ए. तत्त्वज्ञान घेऊन केलंय, आणि मिथ्याचा अर्थ खोटं असा मला कुठल्याच सरांनी शिकवला नाही.

यंदा ऐन वेचणीत पाऊस लागला, चार दिवस थांबलाच नाही. पाचव्या दिवशी चिखल तुडवत मी आणि आबा वावरात गेलो. आबांनी एक फुटलेलं बोंड तोडलं आणि माझ्या हातावर ठेवलं, कापूस काळा पडून चिकट झालेला, आतली सरकी फुगलेली आणि तिला झाडावरच कोंब फुटलेला, पांढरा, नखाएवढा. आबा म्हणाले, "दख भो, हाई खोटं शे का?" तेव्हा तो लेख आलेला पण नव्हता, आबा आपल्या गावातल्या एका महाराजांच्या प्रवचनाबद्दल बोलत होते, तिथेही हेच ऐकवलं होतं लोकांना.

आता मूळ मुद्दा. शंकराचार्यांच्या परंपरेत असण्याच्या तीन पायऱ्या मानतात. अंधारात दोरीवर साप दिसला ती प्रातिभासिक सत्ता, दिवा आणला की संपली. दोरी, वावर, बैलजोडी, सोसायटीचं कर्ज ही व्यावहारिक सत्ता. आणि जे कुठल्याच काळात, कुठल्याच ज्ञानाने खोडलं जात नाही ते पारमार्थिक, म्हणजे ब्रह्म. या तिन्हीच्या बाहेर अजून एक आहे, सशाचं शिंग, वांझेचा मुलगा, ज्याला ते तुच्छ म्हणतात, ते कुणाला कधी दिसतच नाही. मिथ्या म्हणजे हे सशाचं शिंग नव्हे! मिथ्या म्हणजे जे दिसतं, अनुभवाला येतं, पण त्याच्याहून वरचं ज्ञान झालं की बाद होतं, म्हणून त्याला धड सत् पण म्हणता येत नाही आणि असत् पण म्हणता येत नाही. आता मला सांगा, दोरीवरचा साप दिव्याने जातो, पण कर्जाचा हप्ता कुठल्या दिव्याने जातो? ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार पूर्ण खरा, असंच ते शास्त्र मानतं. उलट बाहेरच्या वस्तू नाहीतच, सगळं मनातलं आहे असं म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांना खुद्द शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात खोडून काढलंय, की खांब, भिंत, घट, पट हे समोर अनुभवाला येताहेत, ते नाहीत असं कसं म्हणता. म्हणजे ज्यांच्या नावावर लेखकाने आमचं नुकसान खोटं ठरवलं त्यांनीच हे नाकारलेलं आहे.

बरं बौद्धांमध्येही सगळे एका सुरात बोलत नाहीत. सातव्या शतकातले धर्मकीर्ती म्हणतात जे काम करतं ते खरं, अर्थक्रिया करतं ते सत्. पाणी तहान भागवतं, मृगजळ भागवत नाही. आमच्याकडे मे महिन्यात डांबरी रोडवर लांबून पाणी साचल्यासारखं दिसतं, लहान पोरालाही कळतं की त्यात बादली बुडत नाही. मला स्वतःला ही कसोटी फार आवडते, कारण ती वावरात वापरता येते.

आणि आता ते सांगतो ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसलो. पंचनाम्याच्या यादीत आमचं नाव आलं नाही. का, तर मोबाईलवर पीक नोंदवताना लोकेशन शेजारच्या गटात दाखवत होतं, फोटो अपलोड झालाच नाही, आणि कागदावर आमच्या वावराला पड, म्हणजे बिनपिकाची जमीन, अशी नोंद लागली. मी ऑफिसातल्या साहेबांना म्हटलं, साहेब चला, बाईकवर नेतो, वावर दाखवतो, कपाशी उभी आहे. ते म्हणाले नोंद नाही तर पीक नाही. आबा बाहेर येऊन पायरीवर बसले आणि एवढंच बोलले, "वावरमा कपाशी शे, कागदवर नही." आमच्या अहिराणीत आहे ला शे म्हणतात. मी त्या दिवसापासून या एका शे वर विचार करतोय.

कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होता, त्याच्या १७८१ च्या पुस्तकात शंभर नाण्यांचं उदाहरण आहे. मनातली शंभर नाणी आणि खिशातली शंभर नाणी, वर्णन करायला बसलात तर दोन्हीत एका नाण्याचाही फरक नाही, पण खिशातली असली तर माणूस वेगळ्या स्थितीत असतो. म्हणजे असणं हा वस्तूचा गुण नाही, तो वर्णनात भर घालत नाही. कॉलेजात हे पाठ केलं होतं, समजलं आत्ता. सातबारा काढून बघा, गट नंबर आहे, क्षेत्र आहे, पिकाचं नाव आहे, सिंचनाचं साधन आहे, पण ती कपाशी असणं याचा रकाना त्यात नाही आणि कितीही रकाने वाढवले तरी येणार नाही. ते बघायला वावरातच जावं लागतं. कागद लागतोच, मी कागदाच्या विरोधात नाही, पण कागद वावरावर चढवून कागदालाच वावर समजणं याला आपल्याकडे नाव आहे, अध्यास. दोरीवर सापाचा अध्यास होतो तसा वावरावर नोंदीचा. म्हणजे भ्रम म्हणायचाच असेल तर तो ऑफिसातल्या स्क्रीनवर होता, आमच्या हातावरच्या त्या कोंब फुटलेल्या सरकीत नव्हता. लेखकाने माया दाखवायला बोट उचललं आणि ते भलत्याच माणसाकडे केलं, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे हे सगळं खान्देशात बसून कुणी आम्हाला असं ढोबळ शिकवावं हे पटत नाही. चांगदेवांची गोष्ट इथलीच, मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांच्या नावाचं गावच आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान पण अधिकाराने मोठे, मग मायना चिरंजीव लिहू का तीर्थरूप, हे ठरेना म्हणून चांगदेवांनी कोरंच पत्र पाठवलं. त्याला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिलं, आणि त्यात जग खोटं म्हणून झटकून टाकलेलं नाही. त्यात सोन्याचा दाखला आहे, सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनेपण कणभर कमी होत नाही, तसं ते एकच तत्त्व जग होऊन दिसतं. जळगावच्या सराफ बाजारात बसणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्यासाठी पाटली खोटी आणि सोनं खरं असं काही नसतं, दोन्ही एकाच तराजूत असतात. ज्ञानेश्वरांच्याच अमृतानुभवात तर अज्ञानखंडनाचं, म्हणजे अज्ञान नावाची काही वस्तूच नाही हे दाखवणारं, आख्खं प्रकरण आहे. मराठीत लिहिणाऱ्याने जगाबद्दल बोलताना निदान हे डावलू नये.

आणि आमचं अमळनेर. १९१६ साली प्रताप शेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, साने गुरुजी शिक्षक व्हायच्या आधी तिथे शिकायला होते. जी. आर. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ साली नुसत्या अज्ञान या एका विषयावर पुस्तक काढलं. अज्ञान म्हणजे काय, ते असतं म्हणजे नक्की कसं असतं, यावर एवढी मोठी माणसं आमच्या बोरी नदीकाठच्या गावात खल करत होती, आणि आज त्याच भागात वाटला जाणारा पेपर एका ओळीत निकाल लावतो की सगळं खोटं आहे.

तर माझी विनंती एवढीच की या विषयावर शिकलेल्या, शिकवलेल्या माणसांकडून साध्या मराठीत दोन-चार लेख लिहून घ्या, सत्, असत्, मिथ्या हे शब्द नीट सोडवून सांगणारे, भले त्यातून माझंही काही चुकलेलं निघालं तरी चालेल, मी वाचीन आणि आबांना वाचून दाखवीन. आणि तो लेख ज्यांनी लिहिला त्यांना एकदा आमच्याकडे पाठवा. कपाशीच्या पऱ्हाट्या अजून उपटलेल्या नाहीत, आबा म्हणतात कुणीतरी बघायला येईल तोवर राहू द्या.

आपला नम्र,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
ता. अमळनेर, जि. जळगाव