हात कधी शिकतात?

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. पियानो शिकायला घेतलास हे वाचून फार आनंद झाला, पण "या वयात डोक्यात काही शिरत नाही" या वाक्याचा तितकाच राग आला. शिरतंय रे! बाकावर बसलेला असतानाच ते दिसावं, असा तुझा हट्ट आहे, एवढंच.

मध्येच सूर चुकला की थेट सुरुवातीपासून वाजवावं लागतं, असं तू लिहिलंस. तसंच होणार. ओळखीच्या क्रमातली एकेक हालचाल मेंदू सुटी ठेवत नाही, तिचे गठ्ठे बांधतो. द्रुत वाजवताना एक बोट पडल्याची खबर मेंदूला मिळून दुसऱ्याचा हुकूम सुटावा, इतका वेळच नसतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी 1951 मध्येच हे मांडलं होतं. पुढचा क्रम आधीच जुळलेला हवा. या बांधणीत मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाचा मोठा हात आहे. मेंदूच्या अभ्यासक ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना एका साध्या वाटेवर धावायला शिकवलं. वाट नवी असताना त्यांच्या बेसल गँग्लियातल्या पेशी धाव संपेपर्यंत चेतत होत्या. सवय मुरल्यावर त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी चेतू लागल्या. तुझ्या बोटांनाही सध्या सुरुवात एकाच ठिकाणाहून करता येते. म्हणून मुद्दाम मधल्याच एखाद्या ओळीपासून वाजवायला घे. आधी जड जाईल, तरी घे.

आणि "काल काय शिकलो तेच आठवत नाही" याचं एवढं मनावर घेऊ नकोस. हेन्री मोलेसन यांच्यावर 1953 मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा, बराचसा भाग काढला गेला आणि नवं काही लक्षात राहणंच थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना फक्त आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत चुका भराभर कमी झाल्या, पण हे आपण आधी केलंय याची त्यांना दाद नव्हती. आठवण गेली तरी हात शिकत होते! हे मी किती जणांना सांगितलं असेल, पण दर वेळी अंगावर काटा येतो.

आता मुख्य गोष्ट. 2019 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने लोकांना डाव्या हाताने 41324 हा क्रम टाइप करायला लावला. दहा सेकंद टाइप, दहा सेकंद विश्रांती, पुन्हा तेच. सुरुवातीची जवळजवळ सगळी प्रगती त्या विश्रांतीत झालेली दिसली. बोटं थांबलेली असायची आणि पुढच्या खेपेला ती आधीपेक्षा वेगाने चालायची. त्याच गटाने 2021 मध्ये दाखवलं, की त्या थांब्यात मेंदू तोच क्रम सुमारे वीसपट वेगाने मनातल्या मनात उगाळत असतो, आणि ज्यांच्यात हे जास्त घडतं त्यांची सुधारणाही जास्त. काही संशोधकांच्या मते हा नुसता थकवा उतरल्याचा परिणाम आहे. तो वाद अजून मिटलेला नाही. मला मात्र मेंदूत दिसलेली ती उजळणी थकव्याच्या खात्यात टाकता येत नाही.

झोपेचंही तसंच. 2002 मध्ये झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांना असाच बोटांचा क्रम रात्रीच्या झोपेनंतर सुमारे 20 टक्के वेगाने होताना आढळला. दिवसा तेवढाच वेळ जागं राहून काही विशेष फरक पडला नव्हता.

म्हणून तो अडलेला तुकडा तासभर रगडणं बंद कर. थोडा वाजव, हात मांडीवर ठेव, मोबाइल न उघडता तसाच बस, मग पुन्हा वाजव. रात्री जागून तर मुळीच घासू नकोस. आणि डावा हात जिथे अडतो ती ओळ नेमकी कुठली, हे पुढच्या पत्रात लिही. तिचे तुकडे कुठे पाडायचे ते मिळून बघू.

तुझा,
अविनाश