हे आमच्या मुलांना कशाला?

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की तुझ्या सहावीच्या वर्गातल्या एका पालकांनी, तेही आपल्याकडच्याच, विचारलं : कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं, त्या रेसिडेन्शियल स्कूलचा इतिहास आमच्या मुलांना कशाला? पाप गोऱ्यांनी केलं, आम्ही तर काल-परवा आलो. तू शांतपणे उत्तर दिलंस, पण मन खट्टू झालेलं आवाजात कळत होतं. फोनवर सगळं बोलून झालं नाही, म्हणून लिहिते आहे.

त्यांना उत्तर द्यायचं तर ब्रॅम्प्टनच्या जमिनीपासून सुरुवात कर. तुमची शाळा, देवळं, गुरुद्वारे, आपल्या लोकांची नवी घरं ज्या जमिनीवर उभी आहेत, ती इंग्रजांनी तिथल्या मूळच्या मिसिसॉगा लोकांकडून 1818 च्या करारात घेतली. 6,48,000 एकर! बदल्यात वर्षाला सव्वापाचशे पौंडांच्या आतबाहेर किमतीचा माल. पुढे 1847 मध्ये त्यांना क्रेडिट नदीचा काठही सोडून हॅगर्सव्हिलजवळ जावं लागलं. सातबाऱ्यावर नाव चढलं की जमिनीवरचा बोजाही आपल्याच नावावर येतो, हे आपल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथलं घर घेणाऱ्याला हा बोजा कसा चुकेल?

मुलांना मतदानाच्या तारखाही सांग. ब्रिटिश कोलंबियात भारतीयांचा काढून घेतलेला मताधिकार 1947 मध्ये परत मिळाला. फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ लोकांना, मूळ रहिवासी म्हणून असलेला आपला कायदेशीर दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देता यायला 1960 साल उजाडलं. आपणही वंशभेद सोसला हे खरं, आणि तरीही तिथल्या मूळ लोकांच्या आधी आपण मतपेटीपर्यंत पोचलो हेही खरं. वर्गात दोन्ही बोललं गेलं पाहिजे.

ब्रँटफर्डला आपण पाहिलेली मोहॉक इन्स्टिट्यूट ही तसलीच निवासी शाळा अजून माझ्या मनातून जात नाही. रोज तीच पातळ लापशी मिळायची म्हणून मुलं तिला ‘मश होल’ म्हणायची. शाळेच्या बागेतली सफरचंदं मात्र विकली जायची. मागच्या भिंतीच्या विटांवर मुलांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. ती शाळा 1970 पर्यंत चालू होती, म्हणजे तिथे शिकलेली माणसं आज माझ्या वयाची आहेत. इमारत पाडायची की राखायची असा प्रश्न आला, तेव्हा तिथल्या मूळ लोकांच्या समाजानेच राखायची ठरवली. पुरावा म्हणून.

देशभरात दीड लाखाच्या आसपास मुलं अशा शाळांत गेली. 1920 नंतर तर कायद्यानेच सक्ती. ‘त्या काळी कोणाला कल्पना नव्हती’ असं कुणी म्हणालं तर डॉ. पीटर ब्राइस यांचं नाव घे. हे सरकारचेच आरोग्य अधिकारी. या शाळांत मुलं क्षयाने मरताहेत, असा अहवाल त्यांनी 1907 मध्ये दिला होता. सरकारने दाद दिली नाही, तेव्हा निवृत्तीनंतर 1922 मध्ये त्यांनी स्वतः पुस्तिका काढली. गोऱ्या मुलांनाही वर्गात मान खाली न घालता उभं राहता येईल असा हा माणूस आहे.

आता आपल्या घरातलं. तिकडे कॅनडात मॅनिटोबाच्या जमिनीसाठी मूळ लोकांशी ‘करार क्र. 1’ झाला 1871 मध्ये, आणि त्याच वर्षी त्याच राणीच्या सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1897 च्या दुरुस्तीने चार वर्षांच्या मुलालाही आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवता येऊ लागलं. आपल्या सोलापुरात कैकाडी, टकारी, पारधी यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. कायदा 1952 मध्ये गेला. पण मी शिकवत होते त्या शाळेत कोणाची पेन्सिल हरवली की सगळ्या वर्गाच्या नजरा सेटलमेंटच्या पोरांकडे वळायच्या. ती पोरं न बोलता स्वतःचं दप्तर उलटं करून दाखवायची. मला त्या गोष्टीचा राग आजही येतो. आपले लोक जात सामानाबरोबर तिकडेही नेतात. टोरोंटोच्या शाळा मंडळाला 2023 मध्ये जातिभेदाबद्दल ठराव करावा लागला तो उगाच नव्हे. तुझ्या वर्गात आडनावावरून कुजबुज झाली, तर तोही याच धड्यातला भाग समज.

वर्गातल्या फर्स्ट नेशन्सच्या मुलीला ‘तू सांग’ म्हणून कधी उभं करू नकोस. तिला स्वतःहून बोलायचं असेल तर तेवढी जागा ठेव. आणि नुसतं दुःख शिकवू नकोस, मुलं त्या लोकांना मेलेले समजू लागतात. मरी सिंक्लेअर यांच्याबद्दल सांग : स्वतः अनिशिनाबे या मूळ समाजातले, न्यायाधीश, आणि या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाने 2015 मध्ये 94 मागण्या मांडल्या, त्यातली 62 वी थेट तुमच्यासाठी आहे : हा इतिहास, करार आणि या लोकांचं आजचं योगदान बालवाडीपासून बारावीपर्यंत सक्तीने शिकवा. 30 सप्टेंबरला, या शाळांच्या स्मरणदिनी, नारिंगी शर्ट घालून फोटो काढला की झालं, असं तुझ्या शाळेत होऊ देऊ नकोस. त्या शर्टामागची गोष्ट अशी : फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या होत्या, आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट शाळेने पहिल्याच दिवशी काढून घेतला. मुलांना ही गोष्ट सांग, आणि मग गप्प बस. प्रश्न त्यांना विचारू दे.

ब्रँटफर्डला सहल नेणार आहेस ना? सोबत मदतीला पालक लागतातच. त्या गृहस्थांनाच विचार. थंडी पडायच्या आत तारीख ठरव, आणि ते हो म्हणाले का ते मला कळव.

तुझी,
आई