आय आणि जे चा घोळ सोडवणाऱ्या उद्यमनगरातल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

असं सगळ्यांसमोर लिहिलेलं बघून तुम्ही "कशाला रे हे" म्हणणार हे माहीत आहे, तरी लिहितोय. शिरोलीतल्या त्या फौंड्रीचं काम हँडओव्हर झालं, पैसे पण आले, आणि त्यात माझ्या पायथॉनमधल्या प्रोग्रॅमइतकाच तुमच्या दुकानातल्या पाठकोऱ्या बिलांवर पेनानं काढलेल्या आकृत्यांचा वाटा आहे, म्हणून आभार जाहीरच मानायचे ठरवलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अण्णा मोटर रिवाइंडिंग करतात, पॅनेल बनवतात, आणि मी बीएस्सी मॅथ्स करून सॉफ्टवेअरमध्ये घुसलेला माणूस. काम काय होतं, तर मीटरवरून व्होल्टेज करंट घ्यायचा, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या पॉवरपैकी खरं काम किती करते ते प्रमाण, काढायचा आणि तो सुधारायला कपॅसिटर किती लागतील ते स्क्रीनवर दाखवायचं. आता माझ्या कॉलेजच्या वहीत उणे एकाचं वर्गमूळ म्हणजे आय, इलेक्ट्रिकलच्या पुस्तकात तेच जे, कॅल्क्युलेटरवर ईएनजीच्या बटणावर परत आय, आणि पायथॉन बघावं तर तिथं जे! कुणालाही विचारा, उत्तर एकच, "सेमच आहे रे, चालू दे". सेम आहे हे मलाही कळतं हो, पण मग दोन दोन कशाला, हे कुणी सांगेना.

तुम्ही हातातलं वाइंडिंग बाजूला ठेवून विचारलंत, "आमच्यात आय म्हणजे काय?" मी म्हटलं करंट. "मग झालं की. ती जागा भरलीय, शेजारची घेतली." एवढंच. नंतर मी घरी जाऊन वाचलं तर खरंच तसंच निघालं. करंटला फ्रेंचमध्ये इंटेन्सिटी म्हणायचे, फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअरच्या लिखाणातून तो आय आला आणि चिकटला. गंमत म्हणजे गणितज्ञ ऑयलरनं उणे एकाच्या वर्गमुळाला आय लिहिलं ते १७७७ साली, तेव्हा अँपिअर दोन वर्षांचं पोर होतं, म्हणजे पहिला नंबर गणितवाल्यांचाच. पण ऑयलरचं ते लिखाण छापून आलं १७९४ मध्ये, तो गेल्यावर, आणि १८०१ च्या पुस्तकात गाउस या दुसऱ्या गणितज्ञानं वापरल्यावर मग आय सगळीकडं रुळला. पुढं १८९३ मध्ये स्टाइनमेट्झ या इलेक्ट्रिकल इंजिनिअरनं शिकागोच्या परिषदेत एसी करंटची गणितं कॉम्प्लेक्स नंबरनं, म्हणजे ३ + ४जे असल्या आकड्यांनी, सोपी करून दाखवली, आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना करंट आणि हा काल्पनिक आकडा एकाच ओळीत लिहायची रोजची गरज पडायला लागली. एका ओळीत दोन आय आले की गाडी अडणारच.

पण खरे आभार याच्या पुढच्या गोष्टीचे. माझ्यासाठी आय म्हणजे एक्स वर्ग अधिक एक बरोबर शून्य याचं उत्तर, बास. तुमच्यासाठी जे म्हणजे नव्वद अंश फिरवणं. आकडा कागदावर बाण म्हणून काढायचा, जे नं एकदा गुणलं की बाण नव्वद अंश पुढं, दोनदा गुणलं की उलट्या दिशेला, म्हणजेच उणे एक. पदवी घेऊन बसलोय, पण हे हातानं फिरवून कुणी दाखवलं नव्हतं. मग तुम्ही २३० व्होल्ट आणि ३ + ४जे ओहमचा लोड घेतलात, ३ साध्या रोधाचे आणि ४ कॉइलचे. करंट आला २७.६ − ३६.८जे, म्हणजे एकूण ४६ अँपिअर, आणि पॉवर फॅक्टर ०.६ लॅगिंग, म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागं. पॉवर काढताना करंटमधल्या जे च्या भागाचं चिन्ह उलटं करून गुणायचं, म्हणजे ६३४८ वॅट आणि ८४६४ व्हार (काम न करता नुसती ये-जा करणारी पॉवर) येतात. चिन्ह का उलटं, तर आपल्याला व्होल्टेज आणि करंट यांच्यामधला कोन पाहिजे, दोघांच्या कोनांची बेरीज नको. ते ८४६४ व्हार मारायला ५० हर्ट्झवर साधारण ५०९ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लागतो, हे तुम्ही कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आत "पाचशेच्या आसपास" म्हणून मोकळे झालात. नाद खुळा.

पायथॉनचं तुम्हाला मी सांगितलं तेव्हा तुम्ही लई खूश झाला होता, की बघ, आमचाच जे घेतलाय. तिथं नुसतं जे लिहिलं तर तो त्याला व्हेरिएबलचं नाव समजतो आणि असं नाव नाही म्हणून ओरडतो, १जे असा आकडा चिकटवूनच लिहायचं. मॅटलॅब या दुसऱ्या भाषेत आय, जे दोन्ही चालतात, पण लूपमध्ये, म्हणजे तेच काम परत परत करायच्या कोडमध्ये, मोजणीला कुणी आय वापरला की पुढं आय म्हणजे लूपचा शेवटचा आकडा, म्हणून तिथंही १आय लिहिलेलं बरं. ज्युलिया ही अजून एक भाषा, त्यांनी तर भांडणच नको म्हणून आयएम ठेवलंय, कारण आय आणि जे दोन्ही लूपवाल्यांनी आधीच धरून ठेवलेले. मला विचाराल तर ज्युलियाचंच सगळ्यात शहाणपणाचं, दिसायला जरा बोजड आहे एवढंच. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुमच्यात पण जागेचीच मारामारी." आता कोडमध्ये मी करंटला आय नावच देत नाही, सरळ करंट असं पूर्ण लिहितो, आणि ऑफिसमधल्या नव्या पोरांना पण तेच सांगतो.

त्या सगळ्या दुपारींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहा पण तुमच्याच खात्यावर. उलट दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं आणि तुम्ही त्याला "थांबा जरा, पोरगं शिकतंय" म्हणायचा. अण्णा, मनापासून धन्यवाद.

आणि हो, नवीन काम आलंय, तीन फेजवर लोड सारखा नाही असं. त्यात असल्या असमान फेजची रीत काढणाऱ्या फोर्टेस्क्यूचा ए येतो, १२० अंश फिरवणारा, −०.५ + ०.८६६जे. गणित जमतंय पण तुमच्या कागदावर बघायचंय. येत्या रविवारी दुकान उघडं आहे का तेवढं कळवा, यावेळी चहा मी आणतो.

तुमचाच,
शिरोलीचा सॉफ्टवेअरवाला