वहिनी, स्कायपासून सुरू करायला लावलंस म्हणून

प्रिय वहिनी,

हे तुला समोर बसून सांगता आलं असतं. पण ट्रेल्स या व्हिडिओ गेमच्या मालिकेच्या उंबरठ्यावर माझ्यासारखे बरेच जण अडलेले असतात, त्यांच्याही वाचनात यावं म्हणून उघड लिहितेय.

तुला आठवत असेल, मी तीन आठवडे नुसते ट्रेलर बघत होते. फायनल फँटसी या गेम-मालिकेत बहुतेक प्रत्येक क्रमांकाच्या भागाला जग नवं, माणसं नवी. मला वाटलं, इथेही आवडेल तो भाग उचलावा. निहॉन फॅल्कम कंपनीचं हे प्रकरण तसं नाही, हे तू पहिल्यांदा सांगितलंस. 2004 साली जपानमध्ये ‘ट्रेल्स इन द स्काय’ आला आणि डझनभर गेम उलटले तरी झेमुरिया खंडाची तीच गोष्ट पुढे चालली आहे. मी याच मालिकेतला नंतरचा कोल्ड स्टील घेणार होते. दिसायला नवा, शाळा-कॉलेजची पोरं, आणि कितीतरी जणांनी तिथूनच सुरुवात केलेली. त्यांनी तसं का केलं, तेही तूच उलगडलंस. कोल्ड स्टील इंग्रजीत 2015 मध्येच आला, आणि त्याच्या आधीची क्रॉसबेल शहराची गोष्ट, म्हणजे जपानमधला 2010 चा झीरो, अधिकृतपणे इंग्रजीत यायला 2022 उजाडलं. लोकांना जे हाताला लागलं ते त्यांनी खेळलं.

मग तू एकच प्रश्न विचारलास, “तुला लढाया हव्यात की माणसं?” मी म्हटलं, माणसं. “मग स्काय. पहिले पंधरा तास काहीच घडत नाही असं वाटेल. तरी सोडू नकोस.”

वाटलंच तसं. स्कायची मुख्य जोडी, एस्टेल आणि जोशुआ, रोलेन्टमधून निघतात, बोस, रुआन, झाइस करत राजधानी ग्रॅन्सेलपर्यंत अख्खा लिबर्ल देश पालथा घालतात, गावोगावच्या ब्रेसर गिल्डची, म्हणजे लोकांच्या मदतीला धावणाऱ्या संघटनेची, कामं करतात. कुणाचं काही हरवलंय, कुणाला सोबत हवीय. लढाया आळीपाळीने चाल करायच्या आहेत, छान आहेत, पण मी त्यांच्यासाठी थांबले नाही. मी थांबले ते तुझ्या दुसऱ्या सूचनेमुळे: कथा जराशी सरकली की गावातल्या सगळ्यांशी पुन्हा बोलायचं. प्रत्येकाचं बोलणं बदललेलं असतं! काल कुरकुरणारा दुकानदार आज दुसऱ्याच काळजीत, कुणाचं भांडण मिटलेलं, कुणी प्रवासाला निघालेलं आणि पुढच्या शहरात तेच माणूस पुन्हा भेटतं. खजिन्याच्या रिकाम्या झालेल्या पेट्यासुद्धा पुन्हा उघडून बघायला तूच सांगितलंस. इंग्रजी आवृत्तीत त्या पेट्याही तुमच्याशी दोन शब्द बोलतात. दहा वर्षांपूर्वीच्या युद्धाची जखम या देशाच्या अंगावर कुठे कुठे आहे, ते मला अशाच गप्पांतून कळत गेलं. ते कुणी भाषणातून सांगितलं असतं तर मी विसरले असते.

आणि तुझी तिसरी सूचना. “दुसरा भाग आधी घेऊन ठेव, मगच पहिल्याचा शेवटचा अध्याय सुरू कर.” का, ते सांगितलं नाहीस. रात्री दीड वाजता शेवट झाला, जोशुआची हार्मोनिका वाजली, आणि मी तशीच बसून राहिले. पाच मिनिटांनी दुसरा भाग सुरू केला. नंतर कळलं, की तू पहिला भाग 2011 मध्ये इंग्रजीत आला तेव्हाच खेळली होतीस, आणि दुसरा आला 2015 च्या ऑक्टोबरात. साडेचार वर्षं तू त्याच जागी थांबून होतीस. मला पाच मिनिटंही थांबावं लागू नये याची सोय करून ठेवलीस, आणि तेव्हा स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाहीस. वहिनी, या पत्रातले निम्मे आभार त्या एका गोष्टीचे आहेत.

आता स्कायचा पहिला भाग 2025 मध्ये नव्याने घडवून आलाय, त्यामुळे ‘जुनाट दिसतो’ ही अडचणही राहिली नाही. कुणी विचारलं तर मी तुझाच क्रम सांगते: स्कायचे तीन, मग झीरो आणि अझुर, मग कोल्ड स्टीलचे चार. तिसरा स्काय गाळायला काही जण सांगतात. मला ते पटत नाही. त्यातली केविनची गोष्ट बाजूला ठेवण्यासारखी मुळीच नाही.

गेल्या महिन्यात झीरो खेळत होते. नवं शहर, नवा नायक लॉइड आणि त्याची नवी मंडळी, सगळं अनोळखी. आणि अचानक समोर एस्टेल आणि जोशुआ. लॉइडच्या लेखी ते दोन नवे ब्रेसर होते. मी त्यांच्याबरोबर अख्खा देश पायी फिरले होते. डोळे भरून आले, तशीच तुला मेसेज केला, “आले!”

कोण आले, हे तू विचारलंही नाहीस. लगेच उत्तर आलं, “बोल त्यांच्याशी. आणि मग पुन्हा एकदा बोल.”

बोलले, वहिनी. दोनदा.

तुझी नणंद