अंगावर उठलेलं सगळंच ‘ॲलर्जी’ नसतं : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. दिवसाकाठी चार-पाच जण बाही वर सारून हात काउंटरवर ठेवतात, ‘अंगावर उठलंय, एखादी ट्यूब द्या.’ बहुतेकदा नायटा, खरूज नाहीतर घामोळं असतं. त्या गर्दीत वेगळं काही आलं तर निसटून जातं.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच हातून निसटलं. मजुरीला जाणारी बाई, ताप, घसा दुखतोय, डोळ्यांची आग, गळ्याखाली काळपट डाग. मी सेट्रिझिन दिली. दुसरी कोणती गोळी चालू आहे, एवढंही विचारलं नाही. फिटसाठी कार्बामॅझेपिन सुरू होऊन तिला पंधरा दिवस झाले होते, आणि ते पाकीट माझ्याच दुकानातून गेलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ओठांवर रक्ताच्या खपल्या, पाण्याचा घोट उतरेना. घरात ‘देवी आल्या’ म्हणून कडुलिंबाचा पाला अंथरलेला. उठवून बसवलं तेव्हा पाठीची कातडी चादरीला चिकटून राहिली.

याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. 1922 साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी त्याची नोंद केली, त्यांचंच नाव. कातडी अंगाच्या 30 टक्क्यांहून जास्त सुटली की नाव बदलतं आणि तिघांतला एक तरी दगावतो. फिटच्या काही गोळ्या, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं ही नेहमीची कारणं. बहुधा गोळी सुरू केल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत हे उद्भवतं. आजार दुर्मीळ आहे, मान्य. पण संशय येताच डॉक्टरांनी ती गोळी बंद करणं आणि भाजलेल्या रुग्णासारखी शुश्रूषा मिळेल अशा ठिकाणी लगेच हलवणं, यावरच जीव ठरतो. डोळ्यांचा डॉक्टर पहिल्याच दिवशी हवा.

ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. साधी ॲलर्जी बहुधा खाजते, ही दुखते. सोबत ताप, आणि तोंड, डोळे किंवा लघवीच्या जागी फोड. पुस्तकातले फोटो मात्र गोऱ्या कातडीवरचे, लालभडक. आपल्या सावळ्या अंगावर तो डाग राखाडी-जांभळा दिसतो. आपल्या लोकांचे फोटो घालून एक पान मराठीत छापा आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात, आशाताईंच्या पिशवीत, आमच्या काउंटरवर लावा. नागीणही त्यात घ्या. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर उठली तर डोळ्याला धोका असतो, औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं बरं, आणि आपल्याकडे ते तास गेरू लावण्यात जातात. शुगरवाल्याचा पाय सुजून, दिसतंय त्याच्या कितीतरी पट ठणकत असेल, तर तेही थांबण्यासारखं नाही.

दुसरं तुमच्याच हातातलं आहे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोटो पाठवून त्याच दिवशी उत्तर मिळेल असा त्वचारोगतज्ज्ञ प्रत्येक जिल्ह्यात नेमा. 108 ची गाडी कुठे न्यायची हे आधी ठरलेलं असू द्या. आमच्या बाईला दोन ठिकाणांहून ‘पुढे न्या’ म्हणून फिरवलं, त्यात दीड दिवस गेला. आरोग्य केंद्रं तुमच्याकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, ही वाटणी मंत्रालयात ठीक आहे, पण पेशंटला दोन्हीकडे एकाच गाडीतून जावं लागतं.

औषधाचा त्रास कळवायला 1800-180-3024 हा केंद्राचा टोल फ्री क्रमांक आहे. दुकान टाकून कित्येक वर्षं झाल्यावर मला तो कळला. तो आमच्या प्रत्येक बिलावर छापणं सक्तीचं करा, शाई आमची.

ती बाई वाचली. डोळ्यांतलं पाणी आटलंय. उन्हात निंदायला जमत नाही म्हणून घरीच असते. डोळ्यांत घालायचे थेंब दर पंधरवड्याला माझ्याकडूनच नेते. मी पैसे घेत नाही, आणि का घेत नाही हे तिने अजून विचारलेलं नाही.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक औषधविक्रेता