‘खुकरी’वरील माझ्या मामाविषयी आईशी बोलणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात सलग दोन दुपारी आमच्या घरी येऊन आपण माझ्या आईशी बोललात, त्याबद्दलचे हे आभार मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण १९७१ च्या भारत-पाक युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेल्या ‘आयएनएस खुकरी’ या आपल्या युद्धनौकेबरोबर ज्यांची माणसे गेली, त्या घरांपैकी आणखी कोणाला तरी आईचाच प्रश्न छळत असेल.

माझा मामा त्या नौकेच्या इंजिनखोलीत होता. दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली, हे आईला ठाऊक होते. पण सोबतची ‘कृपाण’ ही दुसरी भारतीय युद्धनौका त्यांना तशाच अवस्थेत सोडून का निघून गेली, हा सल तिने पन्नासहून अधिक वर्षे उराशी बाळगला होता.

आपण नौदलात सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रणेवर, काम केलेले असल्यामुळे पाठकोऱ्या कागदावर तिन्ही जहाजांच्या जागा काढून दाखवल्यात. ‘खुकरी’ ही पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली छोटी युद्धनौका (फ्रिगेट) होती, तरीही ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या सोनारचा पल्ला अधिक होता, आणि स्वतःच्या सोनारची क्षमता वाढवण्याच्या एका प्रयोगासाठी ‘खुकरी’चा वेग त्या रात्री कमी ठेवलेला होता, हे आम्ही प्रथमच ऐकले. मग आपण कागदावर बोट ठेवून सांगितलेत की, पहिला टॉर्पेडो (पाण्याखालून सोडायचे स्फोटक अस्त्र) ‘कृपाण’वरच सोडलेला होता, तो न फुटता तिच्या खालून निघून गेला, दुसऱ्याने ‘खुकरी’चा घात केला आणि तिसरा पुन्हा ‘कृपाण’च्या दिशेने आला. ती तेथे थांबली असती, तर तिच्यावरची माणसेही गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या नौदलाच्या आणखी एका जहाजाबरोबर ती परतली तेव्हाच ६७ जण पाण्यातून वाचवता आले. आई बराच वेळ तो कागद हातात धरून बसली होती.

स्वतःचे लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला देऊन जहाजावरच थांबलेल्या ‘खुकरी’च्या कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांविषयी आमच्या घरी नेहमीच आदराने बोलले जाते. मात्र जहाजाच्या पोटात काम करणाऱ्यांचे काय झाले असेल, हे आईने विचारावे आणि कोणीतरी खरे सांगावे, असे कधी घडले नव्हते. नौका काही मिनिटांतच बुडाली, खालच्या माणसांना वर येण्याइतका अवधी मिळाला नसावा, हे आपण न टाळता, तिचा हात हातात घेऊन सांगितलेत. त्या रात्री ती खूप रडली, आणि सकाळी तिने मामाचा फोटो पुसून बाहेरच्या खोलीत लावायला सांगितला.

येत्या डिसेंबरात तिला दीवच्या ‘खुकरी’ स्मारकापाशी जाऊन समुद्राला दोन नारळ अर्पण करायचे आहेत, त्यांतला एक ‘कृपाण’च्या नावाने. प्रकृती साथ देत असेल तर आपणही आमच्याबरोबर यावे, असा तिचा आग्रह आहे.

आपली कृतज्ञ,
‘खुकरी’वरील एका नौसैनिकाची भाची